वहीतली ‘तीच’ मोटार कॉम्प्युटरात कशी घालायची?

वाचकाचं पत्र

नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात आमचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी सुरू केलं, आता मिस्टर चालवतात आणि काउंटर मी बघते. आबांच्या वाइंडिंगच्या वह्या आहेत, शिवाय गेली काही वर्षं मी एक्सेलमध्ये नोंदी ठेवते. आता त्यात काही सापडेनासं झालंय. एक ओळखीचे म्हणतात, मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस घ्या. धाकटे भाऊजी इंजिनिअरिंगला आहेत, ते म्हणतात, पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस टाकून देतो. सीए म्हणतात, एक्सेल पुरे. आणि एक जण तयार सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्यानं द्यायला बसलाय. दुकानात कॉम्प्युटर एकच, विंडोज १०, चार जीबी रॅम. नोंदी मराठीत हव्यात आणि दर वर्षी पैसे भरायचे नाहीत. नेमका कुठला डेटाबेस घेऊ? वहीच्या एका पानाचा आणि एक्सेलचा फोटो सोबत पाठवतेय.

— एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर

ताई,

फोटो पाठवलेत ते बरं केलंत. नुसतं पत्र असतं तर चार नावं सांगून मी मोकळा झालो असतो. वहीच्या पानावर तिसऱ्या ओळीत आबांनी लिहिलंय, ‘बावडा पाटील, ५ एचपी, तीच.’ आता बघा. बावडा म्हणजे कसबा बावडा की गगनबावडा? एक शहरातच, दुसरा पन्नासेक किलोमीटरवर घाटमाथ्याला. पाटील म्हणजे कुठले? बावड्यात खडा टाकला तर पाटलालाच लागायचा. आणि ‘तीच’ म्हणजे मागच्या खेपेला आलेली तीच मोटार, की मागच्या खेपेला केलेलं तेच वाइंडिंग? आबांना विचारलंत तर ते चहाचा कप खाली न ठेवता सांगतील. डेटाबेसला विचारून काही उपयोग नाही, मग तो फुकटचा असो की लाखाचा.

एक्सेलमध्येही तेच दुखणं आहे. वायरच्या रकान्यात एका ओळीत ‘२१’, दुसऱ्या ओळीत ‘२१+२२ डबल’, तिसऱ्या ओळीत ‘२१ नं. दोन’, आणि एका ठिकाणी चक्क ‘आबांना विचारणे’. एकाच गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर चार ओळींत चारदा लिहिलाय आणि त्यातल्या एका ओळीत तो वेगळाच आहे. खरा कुठला? म्हणून सापडत नाही. एक्सेलच्या शोधण्यात काही खोट नाही.

तुमचे सीए ओळींच्या हिशेबानं बरोबर आहेत. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ मावायच्या, आणि त्या मर्यादेपायी २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून कोरोनाचे जवळजवळ सोळा हजार रुग्ण काही दिवस गळाले होते. तुमच्याकडे रोज दहा मोटारी आल्या तरी वर्षाला तीनेक हजार नोंदी होतील. म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत ओळी संपायच्या नाहीत. त्यामुळे ‘किती डेटा मावतो’ हा प्रश्नच डोक्यातून काढून टाका. डेटाबेसच्या जाहिराती नेमक्या त्याच आकड्यावर चालतात, आणि छोट्या दुकानाला त्याचा काडीचा संबंध नसतो.

तुमची अडचण अशी की एका ओळीत तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात: माणूस, मोटार आणि काम. माणसाच्या तीन मोटारी असतात. एक मोटार पाच वेळा जळते. दर वेळी पूर्ण ओळ नव्यानं लिहिली की दर वेळी नवी चूक शिरते. आयबीएममधल्या एडगर कॉड ह्या गणितज्ञानं १९७० मध्ये ह्यावर एक निबंध लिहिला, आणि आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. त्याचा तुमच्या दुकानापुरता अर्थ इतकाच की प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी ठिकाणी तिचा फक्त नंबर द्यायचा. गिऱ्हाइकांचं एक टेबल. मोटारींचं दुसरं, त्यात मालकाचा नंबर. कामांचं तिसरं, त्यात मोटारीचा नंबर, तारीख, काय जळलं होतं, किती घेतले. गावांचं एक छोटं टेबल वेगळं करा, म्हणजे कसबा बावडा आणि गगनबावडा, कसबा सांगाव आणि मौजे सांगाव ह्यांतून निवडूनच पुढं जावं लागेल, मनाला येईल तसं टाइप करता येणार नाही.

आणि वाइंडिंगचं टेबल. तुमच्या दुकानाचं खरं भांडवल ते आहे. कंपनी, एचपी, आरपीएम, स्लॉट, पिच, टर्न, कनेक्शन स्टार की डेल्टा, हे सगळे वेगवेगळे रकाने. वायरीला दोन गेज आणि त्या प्रत्येक गेजच्या तारांची संख्या असे चार रकाने ठेवा. ‘२१+२२ डबल’ हे एका रकान्यात कधीही घालू नका. नाहीतर उद्या ‘२४ स्लॉटच्या, २१ नंबर वायर लागलेल्या सगळ्या मोटारी दाखव’ म्हटलंत की अर्ध्याच दिसतील आणि अर्ध्या गायब आहेत हे कळणारही नाही. एक बारीक गोष्ट: मोटारीला दिलेला नंबर मोटारीवर बॉडीला पंच करा. टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर नको, झाकणं एकाची दुसऱ्याला बसतात हे मिस्टरांना विचारा. नंबर अंगावर असला की ‘तीच’ मोटार कुठली हे आबा नसतानाही कळेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत: एसक्यूलाइट.

हे नाव तुमच्या चारही सल्लागारांनी घेतलं नाही ह्याचं मला नवल वाटत नाही. ते विकायला कुणी येत नाही. ते फुकट आहे, आणि नुसतं फुकट नाही, त्याच्या कर्त्यांनी त्यावरचा मालकी हक्कच सोडून दिलाय. तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये ते आत्ता चालू आहे. व्हॉट्सॲपचे मेसेज अँड्रॉइड फोनवर त्याच प्रकारच्या फाइलीत साठतात. रिचर्ड हिप ह्या अमेरिकन प्रोग्रामरनं २००० साली ते लिहिलं, त्यामागचं कारण भाऊजींना आवर्जून सांगा. तो नौदलाच्या युद्धनौकेसाठी एका प्रोग्रामवर काम करत होता. नौकेला तडाखा बसला तर नुकसान कसं आटोक्यात ठेवायचं, ह्यासाठीचा तो प्रोग्राम. त्याचा डेटा एका सर्व्हरवर, म्हणजे डेटा सांभाळत सतत चालू राहणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामवर. सर्व्हर बंद पडला की प्रोग्राम म्हणायचा, ‘डेटाबेसशी जोडता येत नाही,’ आणि शिव्या मात्र हिपच्या प्रोग्रामला. तेव्हा त्याला वाटलं, सर्व्हरच नको. डेटा सरळ डिस्कवरच्या एका फाइलीत का लिहू नये? एसक्यूलाइट त्यातून आलं.

एक फाइल. तुमच्या दुकानाला ह्याहून मोठा फायदा कुठला? दुकानाची सगळी माहिती ‘दुकान’ नावाच्या एका फाइलीत, आणि ती पेन ड्राइव्हवर कॉपी केली की झालं. तिची रचना २००४ पासून बदललेली नाही, कर्त्यांनी ती २०५० पर्यंत सांभाळायचं ठरवलंय, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दीर्घकाळ टिकवायच्या डेटासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत ती आहे. शिवाय नोंद लिहिता लिहिता लाईट गेली तर पुढच्या वेळी उघडताना अर्धवट नोंद आपोआप मागे घेतली जाते. एक तर पूर्ण नोंद राहते, नाहीतर मुळीच राहत नाही. उद्यमनगरात हे किती कामाचं आहे ते मी तुम्हाला काय सांगू. तरी कॉम्प्युटरला यूपीएस घ्याच.

ही फाइल उघडायला ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. दिसायला एक्सेलसारखंच, वर चाळणी लावता येते, एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल करून जुना डेटा आत ओढता येतो.

ह्यात उणं काय? नोंदीचा छान फॉर्म मिळत नाही. जाळीत टाइप करावं लागतं, आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना ते जिकिरीचं होतं. इथं भाऊजींना कामाला लावा. पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एसक्यूलाइटची सोय आधीपासूनच असते. गिऱ्हाईक शोधा, मोटार निवडा, काम लिहा, इतक्या तीन पडद्यांचा प्रोग्राम ते सुट्टीत करून देतील. त्यांना माझ्याकडून दोन निरोप. एक, टेबल बनवताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लावा, कारण एसक्यूलाइट एरवी आकड्याच्या रकान्यात ‘आबांना विचारणे’ बिनतक्रार घेतं. दोन, एका टेबलाचा नंबर दुसऱ्याशी जुळतो की नाही ही तपासणी त्यात मुळात बंद असते. प्रोग्रामनं फाइल उघडताना ‘फॉरेन कीज’ दर वेळी चालू करावी लागते. ती विसरली की मालक नसलेल्या मोटारी तयार होतात.

भाऊजींच्या पोस्टग्रेसबद्दल बोलू. ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, बर्कलीच्या विद्यापीठातून आलेलं, फुकट आहे, आणि मोठ्या संस्था त्यावर चालतात. पण एका कॉम्प्युटरच्या दुकानात ते बसवणं म्हणजे एका ड्रिल मशीनसाठी एचटी, म्हणजे उच्च दाबाची लाईन ओढणं. ते मागे सतत चालू असलेला सर्व्हर म्हणून राहतं. त्याचा फोल्डर नुसता उचलून कॉपी केला तर तो बॅकअप धरता येत नाही, त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, मग डेटा पुढच्या आवृत्तीत न्यावा लागतो. हे सगळं भाऊजी आनंदानं करतील. पण शिक्षण झालं की ते पुण्याला जाणार, आणि एका सकाळी ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा पडदा दिसला की तुम्ही काउंटरवरून त्यांना फोन लावत बसणार. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी ह्या दुसऱ्या सर्व्हरवाल्या डेटाबेसनाही हेच लागू.

सर्व्हरची खरी गरज कधी पडेल? काउंटरवर एक आणि आत कारखान्यात एक, असे दोन कॉम्प्युटर एकाच वेळी नोंदी लिहायला लागले की. तेव्हा एसक्यूलाइटची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी उघडायची, हा मार्ग बिलकुल नको; नेटवर्कवर फाइल कुलूपबंद करण्यात घोळ होतात आणि फाइल बिघडू शकते. तो दिवस आला तर पोस्टग्रेसच घ्या. टेबलं नीट असली तर हलवणं अवघड नाही.

ॲक्सेसला मी नावं ठेवणार नाही. १९९२ पासून ते आहे, आणि प्रोग्राम लिहायला कुणीच नसेल तर फॉर्म आणि रिपोर्ट स्वतः बनवायला विंडोजवर त्याच्याइतकं सोपं मला दुसरं दिसत नाही. एका फाइलला दोन जीबीची मर्यादा आहे, ती तुम्हाला पुरेल, फक्त मोटारींच्या नेमप्लेटचे फोटो त्यात कोंबू नका. फोटो फोल्डरमध्ये ठेवायचे आणि टेबलात फक्त फाइलचं नाव लिहायचं. हे एसक्यूलाइटलाही करा. अडचण पैशांची आहे. कॉम्प्युटरबरोबर मिळायचं त्या ‘होम अँड स्टुडंट’ ऑफिसमध्ये ॲक्सेस नसतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या घरगुती वर्गणीत मिळतं, म्हणजे दर वर्षी पैसे, आणि तेच तुम्हाला नकोय. भाऊजी नाही म्हणाले आणि ही वर्गणी घरात आधीच कुणी भरत असेल, तर ॲक्सेस घ्या, मी अडवणार नाही. ओळखीचे गृहस्थ कुठून तरी ‘आणून’ देणार असतील तर मात्र नको.

लिबर ऑफिसमध्ये ‘बेस’ नावाचा भाग आहे, फुकट आहे, पडद्यावरची भाषा मराठीही करता येते. फॉर्म होतात. पण सरळ ‘नवा डेटाबेस’ म्हणून सुरू केलंत तर डेटा त्याच्या स्वतःच्या फाइलीच्या पोटात जातो, आणि काम चालू असताना मशीन बंद पडलं तर नोंदी जाण्याची भीती राहते. हौसेला ठीक आहे. धंद्याच्या नोंदी मी त्यावर सोडणार नाही.

राहिलं भाड्याचं सॉफ्टवेअर. विकणाऱ्याला एवढंच विचारा: सगळी टेबलं सीएसव्हीमध्ये एका दमात बाहेर काढून दाखवता का? आत्ता, माझ्यासमोर? आणि भाडं थांबलं तर जुन्या नोंदी दिसतील का? तो ‘त्याची काय गरज मॅडम, आम्ही आहोत ना’ म्हणाला की चहा पाजून वाटेला लावा. सॉफ्टवेअर येतं आणि जातं. फॉक्सप्रो आठवतं का आबांना? एकेकाळी हिशेब, पगार, स्टॉक, जे ते फॉक्सप्रोत असायचं. मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं, नवव्या आवृत्तीवर थांबवलं आणि २०१५ च्या जानेवारीत त्याला वाऱ्यावर सोडलं. तरी त्याच्या डीबीएफ फायली आजही लिबर ऑफिसमध्ये उघडतात, कारण त्यांची रचना सगळ्यांना माहीत होती. म्हणून मी म्हणतो, आधी फाइल कुठली ते बघा आणि मग सॉफ्टवेअर. बिलं मात्र टॅलीत किंवा सीए सांगतील त्यातच ठेवा, जीएसटीचा घोळ घरच्या प्रोग्रामात आणू नका.

मराठीचं. तुमच्या एक्सेलच्या फोटोत चौकटीत ‘पाटील’ दिसतंय, पण वरच्या फॉर्म्युलाच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांचा चिवडा आहे. म्हणजे ते शीट जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक नंबर देणारी पद्धत. कॉम्प्युटरच्या लेखी तिथं ‘पाटील’ लिहिलेलंच नाही. तो डेटा तसाच आत ओढलात तर सगळं पाणी फिरलं. आधी त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि रफार व जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथंच चुका होतात. पुढच्या नोंदी विंडोजच्याच मराठी फोनेटिक कीबोर्डनं करा.

आकडे मात्र इंग्रजीच टाका. देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही कॉम्प्युटरला दोन वेगळी चिन्हं आहेत. मोबाईल नंबर अर्धे असे अर्धे तसे झाले की शोधणं संपलं. मोबाईल नंबरचा रकाना मजकुराचा ठेवा, आपण त्याची बेरीज करत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमानं लिहा, कारण एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकार नाही आणि ह्या क्रमानं लिहिलेल्या तारखा आपोआप ओळीत लागतात. अकारविल्हे यादी काढलीत तर ‘काळे’ हे ‘कावळे’ यांच्या आधी येतील, कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या शेजारी आहे, आपल्या वर्णमालेत ती ‘ह’च्या पुढं. काळ्यांनी तक्रार केली तर बघू.

बॅकअप दोन ठेवा, आणि दोन्ही दुकानात नकोत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांतल्या मशीनबरोबर शेजारच्या ड्रॉवरमधले पेन ड्राइव्हही पाण्यात गेले असणार. तुमच्याकडे पाणी येत नसेल, पण शॉर्टसर्किटला पत्ता लागत नाही. रोज संध्याकाळी प्रोग्राम बंद करून फाइलची कॉपी घ्या, नावात तारीख घाला. एक पेन ड्राइव्हवर घरी, एक गुगल ड्राइव्हवर. महिन्यातून एकदा ती कॉपी भाऊजींच्या लॅपटॉपवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

नवा कॉम्प्युटर नको. चार जीबी रॅममध्ये हे लोळत चालेल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे त्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि इकडचं तिकडचं डाउनलोड टाळा. डेटाबेसला इंटरनेट लागत नाही. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर त्या पैशांत एसएसडी टाकून घ्या.

आता टायपिंगला कुठून सुरुवात करायची? वीस वर्षांची कामं चढवत बसू नका. वाइंडिंगचा डेटा सगळा घ्या, कामं मात्र गेल्या तीन वर्षांचीच. बाकी वह्या कपाटात आहेतच. बाहेरच्या टायपिस्टला वही देऊ नका, तो ‘तीच’ला ‘तीच’च टाइप करील. संध्याकाळी आबांना शेजारी बसवा आणि रोज एक-दोन पानं घ्या. जिथं ‘तीच’ आहे तिथं कुठली ते विचारा, आठवत नसेल तर रकाना रिकामा सोडा, अंदाज लिहू नका. पन्नास नोंदी झाल्या की थांबा, मिस्टरांना त्यांत एखादी मोटार शोधायला सांगा आणि कुठं अडतात ते बघा. टेबलात बदल करायचा तर तेव्हाच करा, पाच हजार नोंदींनंतर एक रकाना फोडायचा म्हटलं तरी भाऊजी फोन उचलणार नाहीत.